सर मुलगी व्हायचे

नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी सर वर्गात आले की खुर्चीकडे ढुंकूनही बघत नसत. चपला दाराशी काढायच्या, टेबल जरा बाजूला सरकवायचं आणि भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसायचं. साठी उलटलेला, उंच, हाडकुळा माणूस. पांढऱ्या भरघोस मिशा, कपाळावर गोपीचंदनाची रेघ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट कायम पँटच्या बाहेर. बसल्यावर ते तमिळमध्ये शांतपणे सांगायचे की मी सात वर्षांची मुलगी आहे, पोलिसांनी मला बस स्टँडवरून उचलून आणलंय, आता तुम्ही एकेक करून माझ्याशी बोला.

वर्गात हसू फुटायचं. मिशांकडे बघून कुणालाही फुटलंच असतं. सर आवाज बारीक करत नसत, हातवारे करत नसत. नुसते शर्टाचं टोक बोटाला गुंडाळत समोरच्याच्या पायांकडे बघत राहायचे. थोड्या वेळाने हसणं आपोआप थांबायचं, कारण समोर खरोखरच कुणीतरी लहान आणि घाबरलेलं बसलंय असं वाटायला लागायचं.

मग प्रश्न सुरू व्हायचे. एखादा म्हणायचा, घाबरू नकोस बाळा. सर गप्प. दुसरी चॉकलेट पुढे करायची. सर चॉकलेट घ्यायचे, मुठीत धरून ठेवायचे आणि तरीही गप्प. कुणी म्हणालं, तू मला सांग, मी कुणालाही सांगणार नाही, तर सर त्याच क्षणी उठून उभे राहायचे आणि पुन्हा मिशीवाले म्हातारे व्हायचे. त्या माणसाला ते सगळ्यांदेखत सुनवायचे की तू पहिल्याच मिनिटाला या पोरीशी खोटं बोललास. तू उद्या बालकल्याण समितीपुढे सगळं सांगणार आहेस, ते तुझं कामच आहे. घरी जे खोटं बोलतात त्यांच्यात आणि तुझ्यात तिने फरक कसा करायचा?

चेन्नईत एग्मोर स्टेशनच्या मागे एका जुन्या इमारतीत आमचं प्रशिक्षण केंद्र होतं. एक विश्वस्त संस्था ते चालवायची. बालगृहांत आणि जिल्ह्यांच्या ठिकाणी कंत्राटावर नेमलेले समाजकार्यकर्ते आमच्याकडे शिकायला यायचे. मी सरांची मदतनीस होते. नवरा संरक्षण खात्याच्या कारखान्यात, त्याची बदली चेन्नईला झाली म्हणून मीही साताऱ्याहून इथे आलेली. समाजकार्याची पदवी होती, पण तमिळ मोडकंतोडकं. पहिल्या दिवशी सरांनी माझं आडनाव विचारलं आणि एकदम मराठीत म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमच्याच की. जेवण झालें कां?"

ते तंजावरकडचे. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच, महाराष्ट्र कधी पाहिलेला नाही. त्यांची मराठी ऐकताना सुरुवातीला मला हसू आवरत नसे. शब्द जुन्या बखरीतले आणि चाल तमिळ. सगळे म्हणायचं असेल तर "अवघे" म्हणायचे, आणि दर दुसऱ्या वाक्याच्या शेवटी "म्हणून सांगितलें". पुढे पुढे माझ्या लक्षात आलं की वर्गात कुणाला कळू नये असं काही बोलायचं असलं की ते माझ्याकडे वळून मराठीत बोलतात. ती आमची दोघांची खासगी भाषा झाली. नोकरीची अनेक वर्षं ते एका बालगृहाचे अधीक्षक होते, एवढंच मला ठाऊक होतं. त्या दिवसांबद्दल ते कधी बोलले नाहीत. लग्न केलेलं नव्हतं. अण्णा नगरात विधवा बहिणीकडे राहायचे.

त्यांच्या तऱ्हा बऱ्याच होत्या. "केस" हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही. कुणी म्हणालं, सर, माझ्याकडे एक केस आहे, की ते स्वतःच्या डोक्याला हात लावून मला मराठीत म्हणायचे, माझ्याकडेही थोडे उरलेत. मग मुलाचं नाव सांगेपर्यंत पुढचं ऐकायचे नाहीत. तुकडीचा फोटो काढायची वेळ आली की हमखास नाहीसे व्हायचे. दुपारचा दहीभात खिडकीशी उभ्याने खायचे. आणि मुलाला "का" म्हणून कधी विचारू द्यायचे नाहीत. का पळालास, का रडतेस, का नाही सांगितलंस. त्यांचं म्हणणं, प्रत्येक "का" मध्ये मुलाला आपलीच चूक ऐकू येते.

सगळ्यांत जास्त बोभाटा झाला तो त्यांच्या एका धड्याचा. शिकायला आलेल्या माणसाला ते अचानक वर्गातून उठवायचे. फोन काढून घ्यायचा, चपला तिथेच ठेवायच्या, गाडीत बसवून अण्णा नगरच्या बहिणीच्या घरी नेऊन सोडायचं. कुठे नेतोय ते सांगायचं नाही, परत कधी नेणार तेही नाही. बहीण जीव लावणारी बाई, पण तिला सक्त ताकीद होती की फक्त मराठीत बोलायचं. ती त्या माणसाला पोटभर जेवू घालायची, स्वच्छ अंथरूण द्यायची. दुसऱ्या दिवशी सर त्याला वर्गात परत आणायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, काल काय जेवलास?

कुणालाही आठवायचं नाही. एक धिप्पाड तरुण होता, पोलिसाचा मुलगा, तो हा प्रश्न ऐकून सगळ्यांसमोर रडला. म्हणाला, मला कुणी काही सांगतच नव्हतं. सर त्याच्या पाठीवर हात ठेवून बाकीच्यांना म्हणाले, माझ्या बहिणीच्या हातचं जेवण याला आठवत नाही. हा मोठा माणूस आहे आणि एकच रात्र गेली. आता बालगृहात चांगलं खायला मिळतंय, पोर खूश आहे, असं तुमच्यापैकी कुणी लिहू नका.

तक्रारी गेल्या. केंद्राचे संचालक टापटीप, मवाळ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सरांना बोलावून घेतलं, लोकांना अपमान वाटतो म्हणाले. सरांनी मान डोलावली आणि पुढच्या तुकडीला तेच केलं.

सेल्वी आली ती अशाच एका तुकडीत. कांचीपुरमकडची, बस कंडक्टरची मुलगी, सावळी, ठेंगणी, वर्गात कधी स्वतःहून न बोलणारी. तिची पाळी आली तेव्हा सर नेहमीप्रमाणे मुलगी होऊन भिंतीशी बसले होते. सेल्वी त्यांच्या समोर बसली नाही, शेजारी बसली. काहीही विचारलं नाही. डबा उघडला, आपल्या चकलीसारखा मुरुक्कू काढला, मोडून अर्धा स्वतः खायला लागली आणि अर्धा दोघांच्या मध्ये झाकणावर ठेवून दिला. बराच वेळ वर्गात तिच्या चावण्याचा आवाज तेवढा येत होता. मग सरांचा हात हळूच पुढे आला. मुरुक्कू खाता खाता ते खाली बघत पुटपुटले की अप्पांना, म्हणजे बापाला, सांगू नका.

सेल्वी म्हणाली, "मला कुणाला तरी सांगावं लागेल. पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन."

सर उठले आणि बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. परत येताना माझ्याजवळ थांबून मराठीत म्हणाले, "ही शिकूनच आली आहे. हिला आपण काय शिकवायचें?" कुणाचं इतकं कौतुक करताना मी त्यांना त्याआधीही ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

सेल्वीची नेमणूक चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बालगृहात झाली. अडलं की ती सरांना फोन करायची. सर फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायचे, कॉफीचा टंबलर हातात घ्यायचे आणि ऐकायचे. मीही तिथेच असायचे. दीपाबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते असंच.

दीपा आठेक वर्षांची होती. आई गेलेली. बाप मोटारींच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. बायको गेल्यावर तो दारूत बुडाला आणि पोर रस्त्यावर सापडली, म्हणून तिला बालगृहात ठेवलेलं. आता त्याने दारू सोडली होती, दुसरं लग्न केलं होतं, आणि तो मुलीला परत मागत होता. दर भेटीच्या दिवशी यायचा. येताना तिच्या केसांना रिबिनी आणायचा, स्वतः वेणी घालून द्यायचा. सेल्वी त्याच्या घरी अनेकदा जाऊन आली, शेजारीपाजारी विचारून आली. सगळे त्याला चांगलंच म्हणाले. खटकणारी गोष्ट काय ती सावत्र आई. बाई तुटक होती, फारशी बोलायची नाही.

त्या दिवशी सेल्वीने फोनवर सांगितलं, "मी दीपाला घरी जायचंय का विचारलं. ती हो म्हणाली. मग तिने मला विचारलं, चित्ती घरी असेल ना?"

सावत्र आईला तिकडे चित्ती म्हणतात.

सरांनी कॉफीचा घोट घेतला. मग म्हणाले की पोरीला तिची भीती वाटत असणार, ती बाई काम करते का? करते, सेल्वी म्हणाली, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात, पाळ्या असतात. म्हणजे पोर बराच वेळ बापाजवळ राहील, सर म्हणाले. तेवढ्यावर बोलणं मिटलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सेल्वीने तसा अहवाल दिला, समितीने आदेश काढला, दीपा रिबिनी बांधून घरी गेली.

पावसाळा संपता संपता एका सकाळी बापाने तिला हॉस्पिटलात आणलं तेव्हा ती गेलेली होती. जिन्यावरून पडली म्हणाला. डॉक्टरांनी तिच्या अंगावरचे जुने वळ पाहिले आणि पोलिसांना बोलावलं. बायको पाळीला गेली की तो घरात एकटा पडायचा, प्यायचा, आणि मग समोर मुलगी असायची. हे हळूहळू त्याच्याच तोंडून बाहेर आलं.

पहिले काही दिवस टीव्हीवर सावत्र आईचाच फोटो होता. तिला पोलिसांनी नेलं, विचारपूस केली, सोडून दिलं. मग सेल्वीचा फोटो आला. ओळखपत्रावरचा, घाबरून काढलेला असतो तसा.

चौकशी नेमली गेली. संचालकांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं, मलाही सोबत घेतलं. त्यांनी फार समजूतदारपणे मांडलं की आपल्याला कुणावर चिखल उडवायचा नाही. सरांनी फक्त एवढंच सांगायचं की बापाची कसून चौकशी करा असं आम्ही शिकवतो. ते खोटंही नाही. बाकीचं समिती ठरवेल.  बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "उद्या त्या घरी जाऊन येऊं. चला माझ्याबरोबर."

श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्याला कारखान्यांच्या बसगाड्या एकीमागून एक धावत होत्या. दीपाचं घर म्हणजे एका चाळवजा ओळीतली शेवटची खोली. कुलूप होतं. सर कुलपासमोरच्या पायरीवर बसून राहिले. शेजारच्या बाईने पाणी आणून दिलं आणि आपणहून बोलायला लागली. ती म्हणाली की तुमच्या मॅडम आल्या होत्या तेव्हा मी चांगलंच सांगितलं, चांगलाच होता तो, या पायरीवर बसून पोरीची वेणी घालायचा. आम्हाला काही ऐकू आलं नाही. पोरगीही गुणी, संध्याकाळची आमच्या दारात येऊन बसायची. घरी जा म्हटलं तर हलायची नाही. चित्तीची बस आली की उठायची आणि तिच्या पाठोपाठ घरात जायची. आम्हाला वाटायचं, खेळतेय.

सरांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा बघून मला ते कळलं, आणि कळल्यावर मीही त्या पायरीवर बसले. मुलगी विचारत होती, चित्ती घरी असेल ना? ती असावी म्हणून विचारत होती.



चौकशीच्या वेळी मी कागदपत्रं घेऊन मागच्या बाजूला बसले होते. सेल्वी पुढे, मान खाली. अध्यक्षांनी सरांना विचारलं, बापाची माहिती कशी काढायची हे तुम्ही शिकवता का? शिकवतो. हिने ते केलं होतं का? केलं होतं. मग चूक कुठे झाली? सर म्हणाले, मुलीशी झालेलं सगळं बोलणं हिने मला सांगितलं होतं. पाठव म्हणून मी सांगितलं. हिच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मग तुमच्या या प्रशिक्षणाचा उपयोग काय?"

सर खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरं आपल्याशी बोलतात, एवढाच. ऐकलेलं कळेलच असं नाही."

पायरीवरची गोष्ट त्यांनी सांगितली नाही.

सेल्वीचं कंत्राट संपवलं गेलं. सरांचंही. संचालकांनी त्यांना शाल पांघरली, आणि या खेपेला फोटोसाठी सर जागेवर उभे राहिले. पुढच्या तुकडीला पडद्यावरचे धडे सुरू झाले. चित्रं छान होती, शेवटी प्रश्नांना खुणा करायच्या होत्या. कुणी तक्रार केली नाही.

मी अधूनमधून अण्णा नगरला जात होते. सर गॅलरीत बसून असायचे. बहीण म्हणायची की आताशा याला जेवलेलं लक्षात राहत नाही. त्यातल्याच एका दुपारी मी तिथे असताना सेल्वी आली. फार वाळली होती. बहिणीने कॉफी आणून ठेवली, तिने हात लावला नाही. सरांसमोर बसली आणि सरळ म्हणाली, "मला काय कळलं नाही, ते सांगा. तुम्हाला ठाऊक आहे. चौकशीत उत्तर देण्याआधी तुम्ही खिडकीकडे बघत होता, तेव्हा मी मान वर केली होती, मला दिसलं."

मी सरांकडे बघून मराठीत म्हणाले, नका सांगू. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. शेजारणीने सांगितलेलं सगळं त्यांनी तिला सांगितलं, काही गाळलं नाही आणि आवाजही मऊ केला नाही. सेल्वीने ते ऐकून घेतलं.  मग तिने विचारलं की हे चौकशीत का सांगितलं नाही.

"त्यांना दोष द्यायला कुणीतरी हवी होती, ती तू होतीस," सर म्हणाले. "हे त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. हे तुझं आहे. माझंही आहे."

ती उठली, नमस्कार न करता गेली. जिन्यावर तिची पावलं मध्येच थांबल्याचं ऐकू आलं, मग पुन्हा सुरू झाली. मी सरांवर भडकले. म्हणाले, तिने जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर? त्या पोरीला जन्मभर पुरेल एवढं आधीच मिळालं होतं, तुम्ही आणखी दिलंत. सर गॅलरीच्या गजाला धरून उभे होते. मागे न बघता म्हणाले, "ती विचारायला आली होती. समजूत घालून घ्यायला नव्हे." त्यानंतर मी बरेच महिने तिकडे फिरकले नाही.

पुढे नवऱ्याची बदली पुण्याला झाली. निघण्याआधी केंद्राच्या कामासाठी श्रीपेरुंबुदूरला शेवटची फेरी होती. संध्याकाळी रस्त्यापलीकडे पाळीची माणसं न्यायला कारखान्याची बस थांबली होती. खिडकीत मला सेल्वी दिसली. अंगात कारखान्याचा निळा कोट, गळ्यात ओळखपत्र. जिवंत बघून मला इतकं बरं वाटलं की मी हात वर केला, आणि मग तिच्या शेजारची बाई दिसली. टीव्हीवर पाहिलेला चेहरा होता तो, दीपाच्या चित्तीचा. त्या बाईला किती ठाऊक होतं, मला आजही सांगता येणार नाही. वस्तीत तिच्याशी कुणी बोलत नाही हे तिथल्या बालगृहात मला सांगितलं होतं. बसमध्येही तिच्या पुढची-मागची बाकं रिकामी होती. सेल्वी मात्र, वर्गात सरांशेजारी बसली होती तशी, तिच्या अगदी लगत बसली होती. दोघीही समोर बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी सरांचा निरोप घ्यायला गेले. ते बरेच थकले होते, दाढी वाढलेली, गोपीचंदनही लावलेलं नव्हतं. रागाबिगाचं काही निघालं नाही. बसमध्ये जे दिसलं ते मी त्यांना सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोलतात कां दोघी?"

मला तसं दिसलं नाही, मी म्हणाले.

"रोज शेजारी बसतात?"

मी म्हटलं, रोजचं मला ठाऊक नाही, काल बसल्या होत्या.

सरांनी मान डोलावली. मग आत बघून बहिणीला हाक मारली आणि मला पुण्याची गाडी किती वाजताची आहे ते विचारलं.